फिटच्या गोळ्यांवरचं संशोधन घरी कसं वाचायचं

मिरजेत आमचं औषधाचं दुकान आहे. गावात दवाखाने भरपूर, त्यामुळे जत-कवठेमहांकाळपासून पलीकडे अथणी-रायबागपर्यंतचे पेशंट चिठ्ठी घेऊन येतात. फिटच्या, म्हणजे अपस्माराच्या, गोळ्या दरमहा नेणारी घरं ठरलेली आहेत, कोणाचं काय चालू आहे ते मला बहुतेक पाठ असतं. घरातही तेच. आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कॉलेजात असल्यापासून ह्या औषधांवर आहेत.

हल्ली चिठ्ठीबरोबर मोबाइलही काउंटरवर येतो. "ताई, हे वाचा. ह्या नव्या गोळीनं निम्म्या लोकांना फरक पडला म्हणे. मग आमच्या पोराला डॉक्टरांनी जुनीच का दिली?" प्रश्न रास्त असतो. पण 'निम्म्या लोकांना फरक' ह्या तीन शब्दांत इतकं काही दडलेलं असतं की उभ्या उभ्या सांगून भागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही, बी.फार्म. आहे. हे वाचून कोणी गोळी बदलायची नाही, अर्धी करायची नाही, बंद तर अजिबात करायची नाही. एकाएकी बंद केलेल्या गोळीमुळे न थांबणारी फिट येते आणि माणूस आयसीयूत जातो. वाचायचं ते डॉक्टरांपुढे नेमकं बोलता यावं म्हणून.

आधी आपला पेशंट कागदावर उतरवा

संशोधन उघडण्याआधीचं काम हे. 'फिट येते' एवढ्यावर कोणतंही संशोधन लागू पडत नाही. फिट सुरू कशी होते? एकाच बाजूचा हात आधी वाकडा होतो, तोंड चघळल्यासारखं हलतं, हाक मारली तर नुसतं बघत राहतो आणि मग पडतो, की काही कळायच्या आत सगळं अंग एकदम ताठ होतं? पहिल्या प्रकाराला फोकल म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी. दुसरी जनरलाइज्ड. लहान मूल बोलता बोलता काही सेकंद थांबतं, डोळे मिचकावतं आणि परत बोलायला लागतं, ती अ‍ॅबसेन्स. शाळेत त्याला 'लक्ष नाही' म्हणून ओरडा बसतो.

एक बाई मुलीची गोळी न्यायला यायच्या. बोलता बोलता म्हणाल्या, "भारी धांदरट आहे हो, सकाळी चहाचा कप हातातून उडतोच. दुपारी नाही काही." मी म्हटलं, हे डॉक्टरांना सांगितलंय का? नव्हतं सांगितलं; फिटचा आणि कपाचा संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सकाळी उठल्यावर हात असे झटकणं हे किशोरवयातल्या एका ठरावीक प्रकारच्या अपस्माराचं लक्षण असू शकतं, आणि त्या प्रकारात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनसारख्या, एरवी चांगल्या औषधांनी झटके वाढूही शकतात. तेव्हा कप फुटला तरी लिहून ठेवा. घरातल्या कोणी फिटचा व्हिडिओ काढला तर त्याहून उत्तम. पण आधी पेशंटला कुशीवर वळवा, मग मोबाइल.

आता संशोधनाच्या पहिल्या परिच्छेदात बघा: त्यातली माणसं आपल्यासारखी होती का? ब्रिटनमधला 'सॅनॅड' हा मोठा अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याचे भागच दोन होते. एकात मुख्यतः फोकलवाले १,७२१ पेशंट, दुसऱ्यात जनरलाइज्ड आणि प्रकार न ठरलेले ७१६. पहिल्या भागात लॅमोट्रिजिन हे औषध पुढे राहिलं, दुसऱ्यात व्हॅल्प्रोएट. एकाच अभ्यासातून दोन घरांना दोन वेगळी उत्तरं मिळाली, आणि दोन्ही खरी. शेजारच्याच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्याला का नाही, ह्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

तुलना कशाशी केली होती

बहुतेक नवी औषधं बाजारात येतात ती एका ठरावीक साच्याच्या चाचणीतून. ज्यांच्या फिट एक-दोन औषधांनी थांबलेल्या नाहीत असे पेशंट घेतात. त्यांची चालू औषधं तशीच ठेवतात. काहींना वर नवी गोळी देतात, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. साधारण तीन महिने बघतात आणि मोजतात, किती जणांच्या फिट निम्म्यावर आल्या. मोबाइलवरचं 'निम्म्या लोकांना फरक' हे बहुधा इथून आलेलं असतं.

निम्म्यावर येणं म्हणजे महिन्याला आठ होत्या त्या चार झाल्या. मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याला विहिरीवर मोटार चालू करायला जायचंय, स्कूटरवरून पोरांना शाळेत सोडायचंय, त्याच्या लेखी चार आणि शून्य ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून 'फिट पूर्ण थांबलेले किती' हा आकडा वेगळा शोधा. तो बराच छोटा असतो आणि खाली कुठेतरी असतो. बिनऔषधाच्या गोळीवरच्या लोकांतही काहींच्या फिट निम्म्यावर आलेल्या असतात. तो आकडा वजा करूनच नव्या गोळीचं श्रेय मोजायचं.

आणि अशा चाचणीत नवी गोळी जुन्या गोळीपेक्षा चांगली आहे, हे कुठेच तपासलेलं नसतं. काहीच नसण्यापेक्षा चांगली आहे एवढंच तपासलेलं असतं. पहिल्यांदाच औषध सुरू करणाऱ्या माणसानं गोळीविरुद्ध गोळी अशी समोरासमोरची तुलना शोधावी. तशा चाचण्या कमी आहेत, पण आहेत, आणि त्यांतल्या काही मोठ्या सरकारी पैशानं झालेल्या. कंपनी आपणहून आपली गोळी दुसऱ्याच्या चांगल्या गोळीसमोर कशाला उभी करेल?

औषध सुटलं का, आणि कशामुळे

एवढ्या लिखाणातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे. 'कोणती गोळी जास्त गुणकारी' हे विचारण्याआधी 'गोळी सोडली किती जणांनी, आणि का' हे विचारा.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत ६२२ मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली होती. ती १९८५ मध्ये छापून आली. चार औषधं होती: कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन. सगळं अंग ताठ होऊन येणाऱ्या मोठ्या फिट थांबवण्यात चौघांत फारसा फरक निघाला नाही. मग कोणी म्हणेल, चारही सारखीच, जी स्वस्त ती घ्या. पण अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मोजली होती: दिलेल्या औषधावर शेवटपर्यंत टिकलं कोण? तिथे चित्र पालटलं. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनवर लोक जास्त टिकले, प्रिमिडोनवरून पटापट गळाले. मळमळ, उलट्या, गरगरणं, गुंगी, आणि पुरुषांच्या बाबतीत कोणी उघड बोलत नाही ती तक्रार. गोळी फिट थांबवत होती, पण माणसाला ती घेववत नव्हती.

न घेतलेली गोळी कुठलीच फिट थांबवत नाही, हे दुकानात बसून रोज दिसतं. महिन्याच्या गोळ्या न्यायला माणूस दीड महिन्यानं आला की मी हिशोब विचारत नाही, "झोप फार येते का?" एवढंच विचारते. बहुधा उत्तर 'हो' असतं.

म्हणून आता चांगल्या अभ्यासांत 'उपचार फसेपर्यंतचा काळ' असं एक माप असतं. फसणं दोन वाटांनी: फिट थांबल्या नाहीत म्हणून औषध बदललं, किंवा त्रास झाला म्हणून सोडलं. हे दोन्ही त्यात एकत्र येतात. दुसरं माप 'सलग बारा महिने फिट नाही' इथवर पोचायला किती काळ लागला ते. ही दोन मापं कधी कधी वेगळं सांगतात. मघाच्या सॅनॅडमध्येच बघा. टिकून राहण्यात लॅमोट्रिजिन कार्बामाझेपिनच्या पुढे गेलं. पण बारा महिने फिटविना जाण्याच्या मापावर कार्बामाझेपिन कणभर सरस दिसत होतं, फक्त ते अंतर इतकं कमी होतं की ते योगायोगानंही पडलं असेल. बातमीत एकच वाक्य येतं, 'लॅमोट्रिजिन चांगलं'. कोणत्या मापावर, ते कोणी सांगत नाही. त्या अभ्यासात डॉक्टर-पेशंट दोघांनाही औषधाचं नाव माहीत होतं, हेही ध्यानात ठेवावं. नव्या गोळीबद्दल मनात आशा असली की माणूस तिला जरा जास्त सांभाळून घेतो.

त्याचा पुढचा भाग, 'सॅनॅड दोन', २०२१ मध्ये आला. फोकलवाल्या ९९० जणांत लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसेटॅम आणि झोनिसामाइड. दुष्परिणाम सांगणारे लॅमोट्रिजिनवर ३३ टक्के, लेव्हेटिरॅसेटॅमवर ४४, झोनिसामाइडवर ४५. ह्या अभ्यासाचा प्रश्न 'कोण जिंकतं' असा नव्हता. 'दुसरं औषध पहिल्यापेक्षा फार कमी पडत नाही, एवढं तरी सिद्ध होतं का' असा होता. लेव्हेटिरॅसेटॅमच्या बाबतीत बारा महिने फिटविना जाण्याच्या मापावर ते सिद्ध झालं नाही. त्याचा अर्थ लेव्हेटिरॅसेटॅम टाकाऊ असा मुळीच नाही. आमच्या दुकानातून ते भरपूर जातं आणि कित्येकांचं त्याच्यावर उत्तम चाललंय. दुसऱ्या गटात, जनरलाइज्ड आणि न ठरलेल्या ५२० जणांत, त्याची गाठ व्हॅल्प्रोएटशी होती आणि तिथेही ते बरोबरीचं ठरलं नाही. पण व्हॅल्प्रोएटचं नाव ऐकून कोणत्याही मुलीच्या आईनं खूश होऊ नये, ते पुढे येतंय.

लहान मुलांच्या अ‍ॅबसेन्सवरचा २०१० चा अमेरिकन अभ्यास मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे निकाल फिटवर लागलाच नाही. ४५३ मुलं, तीन औषधं. सोळा आठवड्यांनी उपचार यशस्वी ठरलेले एथोसक्सिमाइडवर ५३ टक्के, व्हॅल्प्रोएटवर ५८, लॅमोट्रिजिनवर २९. पहिल्या दोघांत खरा फरक म्हणावा असा नाही. मग त्यांनी मुलांचं लक्ष लागतं का ते चाचणी घेऊन तपासलं. लक्ष न लागण्याचा त्रास व्हॅल्प्रोएटवर ४९ टक्के मुलांना, एथोसक्सिमाइडवर ३३ टक्के. झालं, एथोसक्सिमाइड पुढे. आमच्याकडे त्याची चिठ्ठी क्वचितच येते, तो भाग निराळा.

आता ग्लासगोचा दाखला, जो तुमच्या स्वतःच्या फाइलला थेट लागू होतो. तिथल्या एका दवाखान्यानं ५२५ पेशंटांचा हिशोब २००० मध्ये मांडला: ६३ टक्के लोक फिटमुक्त. ज्यांना आधी कुठलंच औषध दिलेलं नव्हतं त्यांतले ४७ टक्के तर पहिल्याच औषधावर. मग २०१८ मध्ये त्याच दवाखान्याच्या १,७९५ पेशंटांचा हिशोब आला. मधल्या काळात कितीतरी नवी औषधं आलेली. फिटमुक्त किती? ६३.७ टक्के. म्हणजे नव्या औषधांनी निवड वाढवली, बऱ्याच जणांचा त्रास कमी केला, पण फिट थांबणाऱ्यांचं प्रमाण जागचं हललं नाही. 'नवी म्हणून जास्त चांगली' असं कोणी म्हणालं की मी हे दोन आकडे सांगते.

त्याच २००० च्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पहिलं औषध ज्यांचं फसलं, ते पुढे फिटमुक्त झाले का? औषधाचा उपयोगच झाला नाही म्हणून ज्यांचं सुटलं, त्यांतले फक्त ११ टक्के. त्रास सहन झाला नाही म्हणून ज्यांचं सुटलं, त्यांतले ४१ टक्के. म्हणजे 'पहिली गोळी बंद केली' एवढं वाक्य डॉक्टरांना अर्धवट आहे. का बंद केली, ह्यावर पुढचा सगळा अंदाज बदलतो. नीट निवडलेली, सोसलेली आणि पुऱ्या डोसात घेतलेली दोन औषधं फसली, तर जगभरचे डॉक्टर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात आणि मेंदूच्या ऑपरेशनसाठी तपासणी करावी का ह्याचा विचार करतात. पण अंगावर पुरळ उठलं म्हणून आठव्या दिवशी थांबवलेली गोळी ह्या दोनांत धरत नाहीत. भाऊजींच्या फाइलीत दोन बंद गोळ्यांपुढे कारणच लिहिलेलं नव्हतं. सासूबाईंना, जावेला विचारून, जुन्या पावत्या काढून ते आम्ही भरलं. एक पुरळामुळे, दुसरी 'काही फरक नाही' म्हणून. नव्या डॉक्टरांनी फाइलीतलं तेवढंच पान दोनदा वाचलं.

दुष्परिणामांचा तक्ता

तक्ता पाहून घाबरायचं नाही. आधी बिनऔषधाच्या गोळीचा रकाना बघा. डोकं दुखणं, झोप येणं तिथेही असतं. मग बघा की त्रास कसा गोळा केला: पेशंट आपणहून बोलला तेवढाच लिहिला, की यादी घेऊन एकेक विचारला? यादीनं विचारलं की आकडा फुगतो, कारण लोक विचारल्याशिवाय सांगत नाहीत. दोन अभ्यासांतले आकडे म्हणून शेजारी शेजारी ठेवू नयेत.

डोस बघा आणि तो किती वेगानं वाढवला ते बघा. लॅमोट्रिजिन हळूहळू चढवावं लागतं, व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आणखीच हळू, नाहीतर पुरळाचा धोका वाढतो. "आठवडा झाला, अजून फिट येतेच" म्हणून स्वतःच दोन गोळ्या घेणारे महाभाग असतात. फेनिटॉइनचं उलट: एका पातळीनंतर डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भलतंच चढतं, माणूस झिंगल्यासारखा चालतो, एकाचे दोन दिसतात. लोकांना वाटतं पिऊन आलाय.

आणि तक्त्यातला कोरडा शब्द घरात कसा दिसतो, हे ओळखायला शिका. लेव्हेटिरॅसेटॅमपुढे 'चिडचिड' असं लिहिलेलं असतं. घरी त्याचा अर्थ असा, की कधी आवाज न चढवणारा मुलगा भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर मारतो, आणि घरचे म्हणतात आजारानं स्वभाव बिघडला. स्वभाव नसेल बिघडला, गोळी असेल. तारीख बघा, गोळी कधी सुरू झाली आणि ताट कधी उडालं. टोपिरामेटपुढे 'शब्द न आठवणं' असतं. दुकानातल्या कामवाल्या माणसाला चालून जाईल, शिक्षिकेला नाही चालणार. व्हॅल्प्रोएटनं वजन वाढतं, केस गळतात, हात कापतो. ऑक्सकार्बाझेपिननं अंगातलं सोडियम उतरतं, म्हाताऱ्या माणसाला त्याची जास्त भीती. कोणता त्रास आपल्याला चालेल, हे कोणताच अभ्यास सांगू शकत नाही. ते आपणच सांगायचं असतं.

चाचणीला जे दिसत नाही

तीन महिन्यांत हिरड्या सुजत नाहीत, हाडं ठिसूळ होत नाहीत. फेनिटॉइनवर वर्षानुवर्षं असलेल्यांत हे दिसतं. आणि दुर्मिळ धोका तर चाचणीतून निसटतोच. साधा हिशोब आहे: ३०० जणांत एकालाही काही झालं नाही, तरी शंभरात एकाला होण्याची शक्यता नाकारता येत नाही. फेल्बामेट नावाचं औषध अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं आणि १९९४ मध्येच इशारा द्यावा लागला, कारण काहींच्या अंगात रक्त तयार होणंच थांबत होतं. व्हिगाबॅट्रिननं नजरेचा घेर आकसतो, हेही औषध वापरात आल्यावर काही वर्षांनी कळलं. म्हणून अगदी नव्या गोळीबद्दल 'काही दुष्परिणाम नाहीत' असं वाचलं, तर ते 'अजून दिसलेले नाहीत' असं वाचा.

गर्भवती बायकांना ह्या चाचण्यांत घेतच नाहीत. तिथे नोंदवह्या कामाला येतात. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत केरळची अशी नोंदवही १९९८ पासून आहे. 'युरॅप' ह्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीनं २०१८ मध्ये ७,३५५ गरोदरपणांचा हिशोब दिला. बाळात मोठं व्यंग असण्याचं प्रमाण व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के, फिनोबार्बिटोनवर ६.५, फेनिटॉइनवर ६.४, कार्बामाझेपिनवर ५.५, लॅमोट्रिजिनवर २.९, लेव्हेटिरॅसेटॅमवर २.८. अमेरिका-ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक मोजला. आईला पोटुशीपणी व्हॅल्प्रोएट चालू होतं त्या मुलांचा सरासरी ९७, लॅमोट्रिजिनवाल्यांचा १०८. व्हॅल्प्रोएटमध्ये डोस जितका जास्त तितका धोका जास्त.

हे मी मुलींच्या आयांना लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या आत सांगते. नंतर फार उशीर होतो, कारण सासरी आजार लपवलेला असतो आणि गोळी बाथरूममध्ये लपवून घेतली जाते. पण पाळी चुकली म्हणून घाबरून गोळी बंद करणं हे त्याहून वाईट. फिटमुळे आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. बदल करायचा तो दिवस राहण्याच्या आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फोलिक अ‍ॅसिडबद्दल त्याच भेटीत विचारा. लॅमोट्रिजिनवर असाल आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणार असाल तर तेही सांगा, त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण घसरतं.

आपल्या माणसांवर काय झालंय

परदेशातल्या अभ्यासात पेशंटला दर तीन महिन्यांनी फोन जातो. आपला पेशंट ऊसतोडीला सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून भारतातलं काही आहे का, ते जरूर शोधा. फिनोबार्बिटोननं मुलं हूड होतात, अशा श्रीमंत देशांतल्या अनुभवावरून ते मुलांना देऊच नये असं मत पडलं होतं. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या ९४ मुलांवर फिनोबार्बिटोन आणि फेनिटॉइनची तुलना छापून आली. वागण्याबोलण्याचा त्रास फिनोबार्बिटोनवर जास्त निघाला नाही. गुंगीची तक्रार मी नाकारत नाही, पण जिथे महिन्याचा खर्च परवडला नाही की औषधच सुटतं, तिथे स्वस्त गोळीला नाक मुरडण्याआधी हा अभ्यास वाचावा.

उलट बाजूही आहे. कार्बामाझेपिननं क्वचित अंगाची कातडी सोलवटण्याइतकी भयंकर रिअ‍ॅक्शन येते. तैवानमध्ये २००४ मध्ये दिसलं, की अशा ४४ च्या ४४ पेशंटांत एचएलए-बी १५०२ हा एक ठरावीक जनुकप्रकार होता. युरोपीय लोकांत तो जवळजवळ नसतो, आशियात असतो, भारतात सगळीकडे सारखा नाही. गोऱ्यांवरच्या चाचणीत हा धोका दिसलाच नसता. नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुरळासोबत ताप आला, तोंडात फोड आले, डोळे लाल झाले, तर दुकानात मलम मागायला येऊ नका. त्याच दिवशी दवाखाना.

कंपनी बदलली तर

हा प्रश्न रोजचा. लॅमोट्रिजिनच्या दोन वेगळ्या जेनेरिक गोळ्या ३५ पेशंटांना आलटून पालटून देऊन रक्तातलं प्रमाण मोजलं, हा अमेरिकेतला अभ्यास २०१६ चा. फरक निघाला नाही. पण २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की गोळीचा रंग बदलला की लोकांचं औषध चुकण्याची शक्यता वाढते. म्हणजे दोष औषधात नसला तरी घोटाळा होतो. त्यामुळे ज्यांचं नीट चाललंय त्यांना शक्यतो तीच कंपनी देते. बदलावीच लागली तर जुन्या स्ट्रिपचा तुकडा नव्या पाकिटाला स्टेपल करून 'हीच ती' असं लिहून देते.

डॉक्टरांकडे न्यायचा कागद

एकच कागद, पाठपोट. वर फिटचं वर्णन, मघाशी लिहिलेलं. त्याखाली आजवरची प्रत्येक गोळी, सगळ्यात जास्त किती डोस झाला होता, किती दिवस घेतली, का सुटली. 'का सुटली' ह्या रकान्यात तीनपैकी एक लिहा: उपयोग नाही, सोसली नाही, मिळाली नाही किंवा परवडली नाही. तिसरं लिहायला लाजू नका, डॉक्टरांना ते कळलं नाही तर ते गोळी फसली असं समजतात.

फिटच्या तारखांसाठी वेगळी डायरी लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुरे. फिट आली की लाल फुली, गोळी चुकली की निळा गोल, पाळीचे दिवस अधोरेखित. तीन महिन्यांची पानं शेजारी शेजारी धरली की लाल फुल्या निळ्या गोलांच्या मागोमाग येताहेत का ते डोळ्यांनीच दिसतं. येत असतील तर गोळी बदलायचा विषयच नको, आधी वेळा सांभाळा.

कागदाच्या मागच्या बाजूला, वाचलेल्या संशोधनावरून प्रश्न. जास्तीत जास्त तीन, बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. "ही गोळी का नाही दिली?" असं विचारलं की डॉक्टर आखडतात. "ह्याचा प्रकार फोकल ना? मग ह्या दोनांत आमच्यासाठी फरक काय?" असं विचारलं की खुर्ची पुढे ओढून बोलतात. अभ्यासाची छापील पानं न्यायची गरज नाही, नाव आणि साल पुरे.

आणि फिट थांबून दोन-तीन वर्षं झाली, आता बंद करू का, हा प्रश्न असेल तर हा एक आकडा सोबत न्या. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये छापलेल्या अभ्यासात, निदान दोन वर्षं फिट नसलेले १,०१३ जण होते. पुढच्या दोन वर्षांत गोळी चालू ठेवलेल्यांतले ७८ टक्के फिटविना राहिले, हळूहळू बंद केलेल्यांतले ५९ टक्के. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त लोकांचं ठीक चाललं, आणि चालू ठेवूनही काहींना फिट आलीच. मधल्या एकोणीस टक्क्यांची जोखीम घ्यायची का, हे पेशंट रिक्षा चालवतो की बँकेत बसतो ह्यावर ठरेल, आणि ते डॉक्टरांसमोर बसूनच.

गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी दुकानात या. काही गोळ्या मागवाव्या लागतात, दिवाळीत होलसेलर बंद असतो, आणि अनंत चतुर्दशीला मिरजेत मिरवणुकीपायी रस्ता मिळत नाही.